इंग्लंडमधलं भाड्याचं घर, कार्पेटवरचे डाग आणि कापलेलं डिपॉझिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला किंवा नोकरीसाठी इंग्लंडला आलेल्या मराठी मंडळींकडून घर सोडायच्या सुमारास हटकून येणारे हे प्रश्न. उत्तरं इंग्लंडच्या नियमांप्रमाणे आहेत. स्कॉटलंड, वेल्सचं थोडं वेगळं आहे, ते खाली आलं आहे.

डिपॉझिट लँडलॉर्डच्या खात्यात गेलं म्हणजे ते त्याचं झालं का?

नाही. ते तुमचेच पैसे. कापायचे असतील तर का कापायचे, हे त्याने सिद्ध करायचं. आपण मात्र "काका, बघा ना थोडं कमी करता आलं तर" अशा सुरात सुरुवात करतो आणि तिथेच निम्मी बाजी हरतो.

हाउसिंग अ‍ॅक्ट २००४ मधल्या तरतुदी ६ एप्रिल २००७ पासून लागू झाल्या. तेव्हापासून खाजगी भाडेकरूचं डिपॉझिट सरकारमान्य स्कीममध्ये सुरक्षित करणं बंधनकारक आहे. स्कीम तीन: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते सुरक्षित करून त्याची ठरावीक माहिती भाडेकरूला लेखी द्यावी लागते.

यात दोन प्रकार आहेत. कस्टोडियलमध्ये पैसे स्कीमकडेच राहतात. इन्शुअर्डमध्ये ते लँडलॉर्ड किंवा एजंटकडे राहतात आणि स्कीम त्यांचा विमा घेते. तुमचं कोणत्या प्रकारात आहे हे पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा, कारण शेवटी वाद झाला तर पुढची पायरी त्यावरून ठरते.

१ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये नवा रेंटर्स राइट्स कायदा लागू होऊन भाडेकराराची जुनी 'अशुअर्ड शॉर्टहोल्ड' पद्धत संपते, पण डिपॉझिट सुरक्षित करण्याचं बंधन कायम आहे.

किती डिपॉझिट मागू शकतात?

१ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये टेनंट फीज अ‍ॅक्ट आहे. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं, तेवढं किंवा त्याहून जास्त असेल तर सहा आठवड्यांचं. महिना १,३०० पौंड भाडं असेल तर वर्षाचं १५,६००, आठवड्याचं ३००, म्हणजे डिपॉझिट १,५०० पौंडांच्या वर जाता कामा नये. 'दीड महिन्याचं द्या' म्हणणाऱ्या एजंटपुढे हा हिशोब ठेवायचा.

स्कीममध्ये ठेवलंच नसेल तर?

तिन्ही स्कीमच्या वेबसाइटवर पिनकोड, आडनाव आणि टेनन्सीची (भाडेकराराची) तारीख टाकून शोधता येतं. कुठेच सापडलं नाही, किंवा ३० दिवसांनंतर ठेवलं, तर कोर्टात जाता येतं आणि कोर्ट लँडलॉर्डला डिपॉझिटच्या एक ते तीनपट दंड भाडेकरूला द्यायला लावू शकतं. याला सहा वर्षांची मुदत आहे. अनेकदा नुसता हा विषय ईमेलमध्ये सभ्यपणे काढला की कार्पेटचा डाग एजंटच्या डोळ्यांना एकाएकी दिसेनासा होतो.

'फेअर वेअर अँड टेअर' म्हणजे नेमकं काय सोडून द्यायला हवं?

नेहमीच्या, समजूतदार वापराने आणि ऊन, हवा, काळ यांनी जे झिजतं ते. इंग्लिश न्यायालयांनी हीच भूमिका घेतली आहे आणि वादाचा निकाल देणारे स्कीमचे अ‍ॅडज्युडिकेटरही तीच धरून चालतात. दारापासून सोफ्यापर्यंत चालून चालून दबलेली लोकर, पलंगाच्या पायांचे खड्डे, खिडकीजवळ उन्हाने उडालेला रंग ही झीज. त्याचे पैसे मागता येत नाहीत.

इस्त्रीचा तिकोनी जळका ठसा हे नुकसान. रेड वाइन, शाई, नेलपॉलिश, कुत्र्याने कुरतडलेला कोपरा हेही. आपल्या घरांत यात आणखी भर पडते. समईखाली तेलाचा गोल डाग, उदबत्तीची ठिणगी पडून झालेलं मुगाच्या दाण्याएवढं भोक, गणपतीच्या मखरासाठी भिंतीला लावलेली टेप निघताना सोबत आलेला रंग. आणि अर्थात हळद. आपण चपला दारातच काढतो, त्यामुळे चालण्याच्या पट्ट्यातली झीज आपल्याकडे इतरांपेक्षा कमीच असते. पण जमिनीवर पेपर पसरून जेवायला बसायची हौस महागात पडते.

झीज किती 'रास्त' हे माणसं आणि काळ बघून ठरतं. तीन वर्षं राहिलेल्या चौघांच्या कुटुंबाकडून, त्यात रांगणारं मूल असेल तर, सहा महिने राहिलेल्या एकट्या माणसाइतक्या नव्या कार्पेटची अपेक्षा करता येत नाही. दोन मुलं असलेल्या कुटुंबाला घर देतानाच लँडलॉर्डने ते गृहीत धरलेलं असतं.

बेज रंगाच्या कार्पेटवर वरण सांडलं. आत्ता लगेच काय करू?

हे पान वाचणं थांबवा आणि आधी चमचा घ्या. वरचं दाट वरण कडेकडून मध्याकडे खरवडून काढा. मग पांढरा किचन रोल दाबून धरा. घासायचं अजिबात नाही, घासलं की हळद तंतूंच्या बुडाशी जाते आणि डाग दुप्पट पसरतो. थंड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून फडक्याने टिपत राहा, फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. रंगीत कागद किंवा पेपर नॅपकिन वापरलात तर त्याचा रंग उतरून नवीनच भानगड.

सोडा किंवा कपडे धुवायची पावडर हळदीच्या डागावर टाकू नका. हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तीच ही किमया, फक्त या वेळी ती लँडलॉर्डच्या कार्पेटवर होते. लोकरीच्या कार्पेटवर ब्लीच तर मुळीच नको, कारण ते तंतूच खातं.

उरलेला फिकट पिवळेपणा बऱ्याचदा उन्हाने उतरतो. हळदीतला रंग प्रकाशात टिकत नाही. पडदे उघडे ठेवा, शक्य असेल तर त्या जागेवरचं फर्निचर बाजूला करा आणि इंग्लंडमध्ये जे काही ऊन मिळेल ते त्याला मिळू द्या. कोणतंही रसायन आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून बघावं, हे डब्यावरही लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

डाग निघाला नाही आणि तो माझ्याकडूनच पडला आहे. मग अख्ख्या कार्पेटचे पैसे भरावे लागतील?

नाही, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. डाग मान्य करा आणि वय विचारा. 'आम्ही आलो तेव्हाच होता' असं खोटं लढवण्यापेक्षा 'डाग आमचा, पण कार्पेट किती जुनं?' हा प्रश्न जास्त पैसे वाचवतो.

तत्त्व असं की तुमच्या डिपॉझिटमधून लँडलॉर्डला आधीपेक्षा बरी स्थिती मिळता कामा नये. सात वर्षं वापरलेल्या कार्पेटच्या जागी तुमच्या पैशाने कोरं कार्पेट, हे चालत नाही. अ‍ॅडज्युडिकेटर उरलेल्या आयुष्याची किंमत मोजतात.

समजा तशाच प्रतीचं नवं कार्पेट बसवायला ६०० पौंड लागतात. त्याचं आयुष्य आठ वर्षं धरलं, तर वर्षाला ७५ पौंड झाले. तुम्ही घर सोडलंत तेव्हा ते सहा वर्षांचं होतं, म्हणजे दोन वर्षं उरली. तुमचा वाटा १५० पौंड. एजंटच्या यादीत मात्र सरळ '६००' लिहिलेलं असतं, खाली 'व्हॅट वेगळा'. कार्पेट नऊ वर्षांचं असतं तर हाच हिशोब शून्यावर किंवा अगदी नाममात्र रकमेवर आला असता.

आयुष्य किती धरायचं, हे कायद्यात लिहिलेलं नाही. भाड्याच्या घरातलं स्वस्तातलं कार्पेट साधारण पाच वर्षं, बऱ्या प्रतीचं आठ-दहा, अस्सल लोकरीचं त्याहून जास्त, असा अंदाज धरतात. कुटुंबाला भाड्याने दिलेल्या घरात किंवा जिन्यावर ते आणखी कमी.

शिवाय हा हिशोब बदलण्याचा आहे, आणि बदलणं ही शेवटची पायरी. आधी साफ करून जातं का, मग तुकडा बसवून भागतं का, मग डागामुळे किंमत जेवढी उतरली तेवढी भरपाई, आणि काहीच जमत नसेल तरच नवं. पलंगाखाली जाणारा अंगठ्याएवढा डाग हे कार्पेट बदलायचं कारण होत नाही.

डाग एका बेडरूममध्ये आहे. एजंट म्हणतो, रंग जुळत नाही म्हणून पूर्ण घराचं कार्पेट बदलावं लागेल.

त्याला बदलायचं असेल तर बदलू द्या, स्वतःच्या पैशाने. तुमच्यावर येईल ती त्या एका खोलीची, तीही वय वजा करून उरलेली रक्कम.

कार्पेटचं वय मला कुठून कळणार?

तुम्ही शोधायचं नाही, ते त्यांनी दाखवायचं. खरेदीची पावती किंवा इनव्हॉइस मागा. नसेल, तर तेही एक उत्तरच आहे. पावतीशिवाय अ‍ॅडज्युडिकेटर चेक-इनच्या, म्हणजे घर ताब्यात देताना केलेल्या नोंदींच्या, फोटोंवरून अंदाज बांधतात. तुम्ही स्वतः एक करू शकता: तुमच्या घराची जुनी जाहिरात प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर अजून दिसते का बघा. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत हेच कार्पेट दिसलं, तर त्याचा स्क्रीनशॉट सोन्याच्या मोलाचा. ओळखीतल्या एका जोडप्याला एजन्सीने 'दोन वर्षांपूर्वीच टाकलेलं' म्हणून ४०० पौंड लावले होते. जुन्या जाहिरातीत तेच कार्पेट होतं, दाराशी तोच दबलेला पट्टा दिसत होता. तो फोटो पाठवल्यावर मागणी ६० पौंडांवर आली आणि पुढे कोणी काही बोललं नाही.

करारात लिहिलंय की जाताना प्रोफेशनल कार्पेट क्लीनिंग करून त्याची पावती द्यायची. सक्ती आहे का?

टेनंट फीज अ‍ॅक्टमुळे प्रोफेशनल क्लीनिंगसाठी पैसे खर्च करायला भाग पाडता येत नाही. घर तुम्ही आलात तेव्हा होतं तितकंच स्वच्छ करून द्यायचं, एवढंच तुमच्यावर आहे. ते कसं करायचं, हे तुम्ही ठरवायचं. सुपरमार्केटमध्ये रग डॉक्टरसारखं मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतं, त्याने चांगलं होतं. पावती मात्र जपून ठेवा.

फक्त एक गल्लत टाळा. झिजेची सूट स्वच्छतेला लागत नाही. दबलेलं कार्पेट चालतं, मळकं चालत नाही. ओव्हनची जाळी, हॉबच्या (शेगडीच्या) वरचा फॅन, बाथरूमच्या टाइल्समधली काळी बुरशी, यात 'दोन वर्षं राहिलो ना' हे कारण ऐकून घेत नाहीत. डिपॉझिटचे सर्वाधिक वाद स्वच्छतेवरूनच होतात, कार्पेटवरून नव्हे.

'घराला करीचा वास येतो' म्हणून पैसे कापले आहेत.

अपमान गिळून आधी पुरावा मागा. वासाचा फोटो निघत नाही, त्यामुळे चेक-आउट रिपोर्टमध्ये घराची पाहणी करणाऱ्या तिऱ्हाईत इन्व्हेंटरी क्लार्कने नोंद केली आहे का, आणि तो घालवायला काय केलं त्याचं बिल आहे का, हे बघायचं. स्वयंपाकघर असलेल्या घरात स्वयंपाक करणं हा नेहमीचा वापर आहे. पण फॅनच्या जाळीवर तेलाचा थर चिकट झालेला असेल, तर त्याची साफसफाई ते मागू शकतात. निघण्याआधी चार दिवस फोडण्या थांबवून खिडक्या उघड्या ठेवल्या, तर हा मुद्दाच उरत नाही.

चेक-इन रिपोर्टवर न वाचताच सही केली. आता?

अवघड आहे, पण संपलेलं नाही. बहुतेक एजंट दुरुस्त्या कळवायला सात दिवसांच्या आसपास देतात. मुदत संपली असेल तरी राहायला आल्याच्या आठवड्यातले मोबाइलमधले फोटो शोधा. घर दाखवण्यासाठी आईला केलेला व्हिडिओ कॉल रेकॉर्ड नसतो, पण 'नवीन घर' म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकलेले फोटो असतात, आणि त्यांवर तारीख असते. कार्पेटवरचा जुना डाग कोणाच्या तरी पायाशी दिसतो.

आणि उलट बाजूने बघा: लँडलॉर्डकडे चेक-इन रिपोर्टच नसेल, तर घर आधी कसं होतं हे त्याला सांगताच येत नाही. असे दावे बहुतेक वेळा पडतात.

घर सोडताना काय काय करू?

सामान हलवून झाल्यावर, किल्ली देण्याआधी, प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून फोटो. कार्पेटचे जवळून आणि लांबून, डाग असेल तर शेजारी नाणं ठेवून. ओव्हनच्या आत, फ्रिजच्या ड्रॉवरमध्ये, कपाटांमागे. मीटर रीडिंग. चेक-आउटला शक्य असेल तर स्वतः हजर राहा, पण क्लार्कशी वाद घालू नका, तो फक्त नोंदी करतो. किल्ल्या कोणाला, कधी दिल्या ते ईमेलने कळवून ठेवा.

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू का?

नको. ती भाड्याची थकबाकी ठरते, आणि थकबाकी हा डिपॉझिटमधून सहज कापता येणारा पैसा. शिवाय पुढच्या घरासाठी लागणारा लँडलॉर्डचा रेफरन्स खराब होतो.

एजंटने कापायची यादी पाठवली. वाद कसा घालायचा?

फोनवर नाही, ईमेलने. प्रत्येक बाब वेगळी घ्या. जी पटते ती मान्य करून तेवढे पैसे सोडा, बाकीचे लगेच परत मागा. रक्कम दोघांना मान्य झाली की दहा दिवसांत पैसे परत मिळायला हवेत. ईमेलचा मतितार्थ असा असू द्या, इंग्रजीत अर्थातच:

"बैठकीच्या खोलीतला डाग आम्हाला मान्य आहे. चेक-इन रिपोर्टच्या पान सातवर हेच कार्पेट 'वापरलेलं, मध्यम स्थितीत' असं लिहिलं आहे. कृपया खरेदीची पावती पाठवावी. वय आणि उरलेलं आयुष्य धरून आम्ही अमुक रक्कम द्यायला तयार आहोत. बाकी डिपॉझिट परत करावं. एकमत झालं नाही तर आम्ही स्कीमच्या वादनिवारणाकडे जाऊ."

यात राग नाही, वंशवादाचा आरोप नाही, 'आम्ही किती चांगले भाडेकरू होतो' नाही. तो राग खरा असेलही, पण अ‍ॅडज्युडिकेटरपुढे त्याला काही भाव नाही.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर स्कीमकडे वाद नोंदवा. भाडेकरूला हे फुकट असतं. इन्शुअर्ड प्रकारात टेनन्सी संपल्यापासून साधारण तीन महिन्यांची मुदत असते, ती हुकवू नका. दोन्ही पक्षांची तयारी लागते. लँडलॉर्डला नको असेल तर मार्ग कोर्टाच्या स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचा.

अ‍ॅडज्युडिकेटर घर बघायला येतो का?

नाही. सुनावणी नाही, फोन नाही, भेट नाही. दोन्ही बाजूंनी दिलेली कागदपत्रं वाचून तो निकाल देतो. म्हणून जे पाठवलं नाही ते अस्तित्वातच नाही असं समजा. फोटोंना क्रमांक द्या, प्रत्येकाखाली खोली आणि तारीख लिहा. शंभर फोटोंचा ढिगारा पाठवण्यापेक्षा वादाच्या मुद्द्याला लागू होणारे पंधरा बरे. निकाल बंधनकारक असतो आणि तो आवडला नाही म्हणून अपील करता येत नाही.

चौघांनी मिळून घर घेतलं होतं. डाग एकाने पाडला, डिपॉझिट सगळ्यांचं कापलं.

एकत्र करार असेल तर लँडलॉर्डसाठी तुम्ही चौघे एकच. कोणाच्या हातून सांडलं हे तो बघत नाही. स्कीमकडे बोलणारा सहसा 'लीड टेनंट' असतो, तेव्हा तो भारतात निघून गेलेला आणि व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर न देणारा मित्र नसेल एवढं बघा. आपसातला हिशोब आपसात.

मी कायमचा भारतात परत आलोय. आता वाद घालता येईल का?

हो, सगळं ऑनलाइन आहे. फक्त डिपॉझिट हाती येईपर्यंत इंग्लंडमधलं बँक खातं बंद करू नका, आणि स्कीमकडे नोंदवलेला ईमेल युनिव्हर्सिटीचा असेल तर बदलून घ्या. शिक्षण संपल्यावर तो बंद झाला की नोटिसा कुठे जातात ते कळतच नाही.

लँडलॉर्डच्याच घरात एक खोली भाड्याने घेतली आहे. मला हे लागू आहे का?

नाही. लॉजरचं डिपॉझिट या स्कीमखाली येत नाही. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या हॉस्टेललाही हे नियम लागू नाहीत. पैसे अडले तर स्मॉल क्लेम्स कोर्टाचा मार्ग आहेच. आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा शेल्टर या संस्थांकडे विचारा, सल्ला फुकट मिळतो.

ग्लासगोत किंवा कार्डिफमध्ये राहत असेन तर?

झीज, वय, उरलेलं आयुष्य हे तर्क सगळीकडे तेच. स्कॉटलंडमध्ये २०११ चे स्वतःचे नियम आहेत. तिथे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येतं, ते सुरक्षित करायला ३० 'कामाचे' दिवस मिळतात, आणि दंडासाठी ट्रायब्युनलकडे जावं लागतं. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून नवा कायदा आहे, पण डिपॉझिट ३० दिवसांत सुरक्षित करण्याचा नियम तिथेही आहे.

पुण्यात आमचा फ्लॅट भाड्याने दिलाय. तिथे अशी स्कीम आहे का?

अशी स्कीम नाही. डिपॉझिट मालकाकडेच राहतं आणि काय कापायचं ते लीव्ह अँड लायसन्सच्या करारात लिहिलं असेल त्यावर आणि मालकाच्या मर्जीवर चालतं. 'पेंटिंगचे एक महिन्याचं भाडं कापणार' हे कलम तर इतकं रूढ आहे की कोणी त्याच्यावर बोटही ठेवत नाही. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टने राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तुम्ही इथे भाडेकरू आणि तिथे मालक असाल, तर ११ महिन्यांनी भिंतीवर सोफा घासून पडलेल्या खुणांचे पैसे तुमच्या भाडेकरूकडून मागताना वरचा हिशोब एकदा स्वतःलाही लावून बघा.